कोळंबीच्या टाकीतला चमकणारा जंतू : मंगळूरच्या करुणासागर दांपत्याचं संशोधन आपल्या तलावाला आणि ताटाला काय सांगतं

खाडीकाठच्या तालुक्यांत आता खारजमिनीवर कोळंबीचे तलाव दिसतात. आतल्या गावांत शेततळ्यात रोहू-कटला सोडणारेही वाढलेत. मासे पाण्यावर येऊन तोंड मारू लागले किंवा कोळंबी कडेला येऊन मरू लागली, की पहिला प्रश्न एकच असतो: "कुठलं औषध टाकू?" दुकानदार काहीतरी देतो, शेतकरी टाकतो. कधी मर थांबते, कधी नाही. थांबली तरी औषधामुळे थांबली की आपोआप, हे कुणालाच सांगता येत नाही.

या प्रश्नावर आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरला, कित्येक वर्षं काम झालंय. डॉ. इड्या करुणासागर आणि डॉ. इंद्राणी करुणासागर हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पती-पत्नी त्यात आघाडीवर. माशांचे जिवाणूजन्य रोग आणि ते मासे खाणाऱ्या माणसाची सुरक्षा, या दोन्ही बाजू त्यांनी एकत्र अभ्यासल्या. मत्स्यशेती करणाऱ्यांनी, मासळी विकणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनीही हे काम माहीत करून घ्यावं, म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

कोण आहेत हे संशोधक?

मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय १९६९ साली सुरू झालं. देशातलं हे पहिलं मत्स्य महाविद्यालय. करुणासागर दांपत्याचं बहुतेक मूळ संशोधन इथलंच. इड्या करुणासागर पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, म्हणजे एफएओमध्ये, मासळीची गुणवत्ता आणि सुरक्षितता या विषयाचे वरिष्ठ अधिकारी होते. इंद्राणी करुणासागर यांनी युनेस्कोच्या सागरी जैवतंत्रज्ञान केंद्राचं काम पाहिलं. नंतर दोघंही मंगळूरच्याच निट्टे विद्यापीठाशी जोडले गेले.

त्यांची प्रयोगशाळा आणि हॅचरीची टाकी यांत अंतर कमी होतं. मेलेली पिल्लं, टाकीचं पाणी, बाजारातली कालवं असे नमुने उचलायचे आणि त्यात काय आहे ते शोधायचं, अशी कामाची पद्धत.

रात्री चमकणारं पाणी

कोळंबीचं बीज हॅचरीत तयार होतं. अंड्यातून नॉप्लियस निघतो, मग झोइया, मग मायसिस आणि शेवटी पोस्ट लार्वा. आपण ज्याला 'पीएल' म्हणतो ते हेच. या नाजूक दिवसांत एक जंतू हॅचऱ्याच्या हॅचऱ्या रिकाम्या करतो. त्याचं नाव व्हिब्रिओ हार्वेयी.

याची खूण सोपी आहे. अंधारात टाकीचं पाणी किंवा पिल्लं हिरवट-निळसर चमकतात. हा जंतू स्वतः प्रकाश देतो. पण एकटा-दुकटा असताना देत नाही. जंतू एक रसायन पाण्यात सोडत असतात. गर्दी वाढली की रसायनही वाढतं आणि मग सगळे मिळून चमकू लागतात. म्हणजे टाकी चमकताना दिसली, याचा अर्थ जंतू आधीच प्रचंड वाढलेत. त्या वेळी धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही.

१९९४ साली करुणासागर आणि सहकाऱ्यांनी टायगर कोळंबीच्या पिल्लांच्या सामूहिक मरीवर शोधनिबंध छापला. मर या चमकणाऱ्या जंतूमुळेच झाली होती. पण खरी धक्कादायक गोष्ट पुढे होती. टाकीतल्या जंतूंवर एक नाही, अनेक अँटिबायोटिक चालत नव्हती. त्यात क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन अशी नावाजलेली औषधं होती. शिवाय समुद्राच्या पाण्यातल्या त्याच जातीच्या जंतूंपेक्षा टाकीतले जंतू पिल्लं मारण्यात कितीतरी जहाल होते.

हे कसं होतं ते शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षं मारलं की अळी दाद देत नाही, हे आपण कापसात, वांग्यात पाहिलंय. टाकीत रोज थोडं थोडं अँटिबायोटिक टाकलं की कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. उरलेल्यांना जागा मोकळी, खाणं भरपूर. त्यात जंतूंची आणखी एक खोड आहे. औषधाला दाद न देण्याचा गुण ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. म्हणजे कोळंबीच्या टाकीत तयार झालेला गुण उद्या माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूतही पोहोचू शकतो. दवाखान्यात औषध लागू पडत नाही, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हेही एक.

टाकी धुतली तरी जंतू जात का नाहीत?

हॅचरीवाले टाकी रिकामी करतात, क्लोरिन मारतात, नवं पाणी भरतात. तरी पुढच्या खेपेला तोच रोग. १९९६ साली या गटाने याचं उत्तर छापलं. हार्वेयी जंतू सिमेंट, प्लास्टिक आणि स्टील या तिन्ही पृष्ठभागांवर चिकटून थर करतात. याला बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस पाणी भरलेल्या पिंपाला आतून हात लावला की बुळबुळीत लागतं, तसाच हा प्रकार. थराच्या आतले जंतू सुट्या जंतूंपेक्षा क्लोरिन आणि अँटिबायोटिक कितीतरी जास्त सहन करतात. वरचे मरतात, खालचे टिकतात आणि नवं पाणी आलं की पुन्हा सुटतात.

यातून निघणारा धडा बिनखर्चाचा आहे. आधी घासा, मग जंतुनाशक टाका, मग वाळवा. घासल्याशिवाय ओतलेलं क्लोरिन बरंचसं वाया जातं. पाइप, एअर स्टोन, जाळी, बादल्या यांच्यावरही हाच थर असतो, तेव्हा त्यांनाही हेच लागू. तलावाचं तर पीक निघाल्यावर तळाचा काळा गाळ काढून, भेगा पडेपर्यंत ऊन देणं हे आपले जुने लोकही सांगत आले. त्यामागचं शास्त्र हेच.

जंतूला खाणारा विषाणू

औषध चालत नाही, मग काय करायचं? मंगळूरच्या गटाने बॅक्टेरिओफाज वापरून पाहिला. फाज म्हणजे फक्त जिवाणूंवर जगणारा विषाणू. तो जिवाणूत शिरतो, आत आपल्या प्रती काढतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. कोळंबीला किंवा माणसाला तो धरत नाही. शिवाय फाज ठरावीक जिवाणूच मारतो, त्यामुळे पाण्यातले उपयोगी जिवाणू शाबूत राहतात. अँटिबायोटिक असा भेद करत नाही.

हार्वेयी मारणारा फाज त्यांनी शोधला आणि हॅचरीच्या टाक्यांत वापरून २००६ मध्ये निकाल मांडले. फाज टाकलेल्या टाक्यांत ८६ टक्के पिल्लं जगली. काहीच न टाकलेल्या टाक्यांत १७ टक्के. नेहमीच्या पद्धतीने अँटिबायोटिक दिलेल्या टाक्यांत हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास राहिला.

आकडे वाचून कुणी लगेच दुकानात फाज मागायला जाऊ नये. एक फाज सगळ्या जातींच्या व्हिब्रिओवर चालत नाही. आपल्या टाकीतल्या जंतूला लागू पडणारा फाज लागतो. जंतू फाजलाही सरावू शकतात, म्हणून दोन-तीन फाज मिसळून द्यावे लागतात. आणि जंतू फोडण्याऐवजी त्याच्या आत गप्प बसून राहणारे फाजही असतात. तसले उपयोगाचे नाहीत, उलट जंतूला नवे वाईट गुण देऊ शकतात. नुसतं लेबल पाहून घेण्याची ही वस्तू नव्हे.

पांढरे ठिपके आणि वाया गेलेली औषधं

१९९४-९५ पासून देशातल्या टायगर कोळंबीच्या शेतीला पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने, म्हणजे व्हाइट स्पॉटने, झोडपलं. करुणासागर गटाने पश्चिम किनाऱ्यावरच्या या रोगाचा अभ्यास १९९७ मध्ये छापला. मेलेल्या कोळंबीत जिवाणू सापडतात हे खरं, पण मूळ रोग विषाणूचा. विषाणूवर अँटिबायोटिक काम करत नाही. तरीही त्या काळात अनेकांनी तलावात अँटिबायोटिक ओतली. पैसेही गेले आणि कोळंबीही.

या रोगाचा विषाणू पीसीआर तपासणीत सापडतो. ही तपासणी आता सगळ्यांना कोरोनामुळे माहीत झाली. बीज घेताना पीसीआरचा अहवाल मागायची पद्धत याच अनुभवातून रुजली. आपल्याकडच्या तलावांत येणारं बरंचसं बीज आंध्र आणि तमिळनाडूच्या हॅचऱ्यांतून येतं. लांबून येणाऱ्या बीजाचा अहवाल पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. २००९ पासून आपल्या देशात व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली. तिची जनक कोळंबी परदेशातून येते आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून मगच हॅचरीत जाते. कुठल्याही आडमार्गाने आलेलं बीज स्वस्त पडलं तरी धोक्याचं, ते यामुळेच.

धोका काय असतो ते २००९ नंतर चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये दिसलं. बीज सोडल्यावर महिन्याभराच्या आत कोळंबी मरू लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कारण शोधलं. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस या जंतूने विष तयार करण्याची क्षमता बाहेरून मिळवली होती. ते विष कोळंबीचं यकृतासारखं इंद्रिय, म्हणजे हिपॅटोपँक्रिया, निकामी करतं. साधासुधा जंतू एका नव्या गुणाने किती बदलतो, त्याचं हे उदाहरण.

शेततळ्यातल्या माशांचं काय?

गोड्या पाण्यात मुख्य त्रास एरोमोनास हायड्रोफिला या जंतूचा. अंगावर लाल चट्टे, खवले उभे राहणं, पोट फुगणं, परांची मुळं लाल होणं, ही त्याची लक्षणं. हा जंतू तळ्यात कायम असतोच. मासा धडधाकट असेल तर काही करत नाही. गर्दी, कमी प्राणवायू, कुजलेलं खाद्य, जाळं ओढताना झालेल्या जखमा, यांनी मासा थकला की तो डाव साधतो. म्हणून एरोमोनासवरचं पहिलं औषध म्हणजे पाणी सुधारणं.

माशाला लस देता येते. कोळंबीला मात्र आपल्यासारखी लस चालत नाही, कारण तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होत नाहीत. मंगळूरच्याच महाविद्यालयात इतर संशोधकांनी एक वेगळा प्रयोग केला. एरोमोनासचा बायोफिल्म मुद्दाम वाढवायचा, तो मारून खाद्यातून कार्प माशांना द्यायचा. सुट्या जंतूंच्या लसीपेक्षा याने संरक्षण चांगलं मिळालं. थरातले जंतू माशाच्या पोटात लवकर विरघळत नाहीत, आतड्यापर्यंत टिकतात. हॅचरीत जो थर वैरी, तोच इथे कामाला आला.

आता ताटाकडे : मासळीतला कुठला जंतू धोक्याचा?

१९५० साली जपानच्या ओसाका भागात अर्धवट सुकवलेली लहान मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले, २० दगावले. फुजिनो या शास्त्रज्ञाने त्यातून व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस शोधला. समुद्राच्या उबदार पाण्यात तो सगळीकडेच असतो. मग रोज मासळी खाणारी कोकणी माणसं रोज आजारी का पडत नाहीत?

याचं उत्तर करुणासागर गटाच्या कालवांवरच्या अभ्यासात मिळतं. नैर्ऋत्य किनाऱ्यावरची कालवं त्यांनी वर्षभर तपासली. २००५ मध्ये छापलेल्या निकालानुसार जवळजवळ सगळ्या नमुन्यांत हा जंतू होता. पण माणसाला आजारी पाडणारे ठरावीक जनुक असलेले जंतू सगळ्याच नमुन्यांत निघाले नाहीत. म्हणजे "जंतू सापडला" एवढ्यावर घाबरायचं नाही आणि "आमच्याकडं कधी काही झालं नाही" म्हणून गाफीलही राहायचं नाही. जात कुठली आणि संख्या किती, हे दोन प्रश्न विचारायचे. जगभरचे मासळी-सुरक्षेचे नियम याच विचारावर चालतात. व्हिब्रिओबाबतची कोडेक्सची मार्गदर्शक तत्त्वं २०१० ची आहेत.

संख्या ठरते ती आपल्या हाताने. पोषक वातावरणात हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. दुपारी दोन तास उन्हात राहिलेल्या पाटीत काय होत असेल, याचा हिशेब करून पाहा. बर्फात मात्र त्याची वाढ थांबते आणि नीट शिजवल्यावर तो मरतो.

कालवं, तिसऱ्या, खुबे यांची गोष्ट थोडी वेगळी. ही पाणी गाळून खातात. दिवसभरात कितीतरी लिटर पाणी अंगातून जातं आणि त्यातले जंतू आत साठतात. गावाचं सांडपाणी ज्या खाडीत येतं तिथली कालवं काढू नयेत. कच्ची तर खाऊच नयेत. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा आणखी एक जंतू आपल्या किनाऱ्याच्या कालवांत सापडलाय. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्याला तो जिवावर बेतू शकतो. खाडीत काम करताना कालवाच्या शिंपीने कापलं, जखम काही तासांत लाल होऊन सुजू लागली, ताप आला, तर घरगुती लेप लावत बसू नका. दवाखाना गाठा आणि खाडीच्या पाण्यात कापलं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बांगडा, तारली, कुपा या माशांचा धोका निराळा. बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंग खाजतं, डोकं दुखतं. लोक म्हणतात, "बांगड्याची ॲलर्जी आहे." पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, मासा बर्फाविना राहिलेला असतो. आणि एक महत्त्वाचं: तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, खारवून जात नाही. जाळ्यातून निघाल्यापासून बर्फ, एवढाच उपाय.

अँटिबायोटिकचा अंश आणि शेतकऱ्याचा भाव

२००१-०२ च्या सुमारास युरोपने आशियातून येणाऱ्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान शोधायला सुरुवात केली आणि माल परत जाऊ लागला. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे काही माणसांत रक्त तयार होणंच थांबतं. किती मात्रेने, ते आधी सांगता येत नाही. म्हणून अन्नासाठीच्या जनावरांत आणि मासळीत त्यावर पूर्ण बंदी आहे. युरोपची तपासणीची रेषा किलोला ०.३ मायक्रोग्रॅम होती. २०२२ च्या अखेरीपासून ती ०.१५ झाली. ०.३ म्हणजे एक हजार टन कोळंबीत एक ग्रॅमसुद्धा नाही, तिसरा हिस्सा ग्रॅम. "थोडंसंच टाकलं होतं" हे इथे चालत नाही.

प्रक्रिया कारखान्यात अनेक तलावांचा माल एकत्र होतो. एकाच्या कोळंबीत अंश निघाला तर सगळ्यांचा कंटेनर अडकतो आणि पुढच्या महिन्यात भाव पडतो तो ज्यांनी काहीच टाकलं नाही त्यांचाही. म्हणून काढणीआधी एमपीडाच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेण्याची पद्धत आहे. किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचीही बंदी घातलेल्या औषधांची यादी आहे. ती घरात लावून ठेवावी.

आणि जो माल परदेशी परत येतो तो कुठे जातो, स्थानिक बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाची तपासणी किती होते, हे प्रश्न आपण खाणाऱ्यांनी विचारायला हवेत. निर्यातीची कोळंबी स्वच्छ हवी, तशी आपल्या पोरांच्या ताटातलीही हवी.

तलावावर आणि घरी करायच्या गोष्टी

- बीज घेताना हॅचरीचा परवाना आणि पीसीआर अहवाल पाहा. अहवालावर तुमच्याच खेपेचा क्रमांक आहे ना, ते तपासा.
- टाकी, जाळी, पाइप आधी घासा, मग जंतुनाशक, मग ऊन.
- पाण्याची व्हिब्रिओ तपासणी करून घ्या. टीसीबीएस थाळीवर पिवळे आणि हिरवे ठिपके मोजतात. हिरवे म्हणजे रोगच, असं नसतं. पण आठवड्याला हिरव्यांचा आकडा चढत असेल तर खाद्य आवरा, गाळ आणि प्राणवायू बघा.
- मर सुरू झाली की औषधाआधी नमुना. मेलेले नको, मरायला टेकलेले जिवंत मासे किंवा कोळंबी न्या.
- बिनलेबलचं किंवा 'सर्व रोगांवर एकच' असलं औषध तलावात जाऊ देऊ नका. जे टाकाल त्याची तारीख, नाव, मात्रा वहीत लिहा.
- विक्रीला मासळी आणि बर्फ निम्मे-निम्मे. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा. वितळलेलं पाणी पाटीतून निघून जायला हवं.
- घरी कच्च्या मासळीची विळी आणि पाट वेगळा. त्याच पाटावर कोशिंबीर चिरू नका.

तपासणीसाठी जिल्ह्याचं सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय, रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, ही जवळची ठिकाणं. जाण्याआधी फोन करून नमुना कशात आणि किती वेळात आणायचा ते विचारा. बर्फ न लावता चार तास पिशवीत राहिलेल्या कोळंबीत रोगाचा जंतू कुठला आणि नंतर कुजवणारा कुठला, हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.